कारण सापडेपर्यंत

२००३च्या पावसाळ्यात मला टाइप वन मधुमेह निघाला तेव्हा मी सातवीत होते. वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा होऊन पाच वर्षं झाली होती, तरी मोठ्या दुखण्याला आमच्या आसेगावची माणसं अकोलाच गाठायची. तिथून आम्ही इन्सुलिनची बाटली, सिरिंजा आणि ‘जेवण चुकवू नको’ एवढी सूचना घेऊन परतलो. शुगर वाढते म्हणून इन्सुलिन टोचायचं, हे घरात सगळ्यांना कळलं. त्याच इन्सुलिननं शुगर एकाएकी उतरते आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो, हे कळायला फार वर्षं गेली. खरं तर ही माहिती काही नवी नव्हती. १९२२ साली टोरांटोत माणसाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं आणि शुगर उतरली की घाम, थरथर, गुंगी येते हे तिथल्या डॉक्टरांनी त्याच वर्षी नोंदवलं.

माझी शुगर उतरली की पहिला प्रश्न ठरलेला असायचा: ‘जेवली नव्हतीस का?’ मी जेवलेली असायचे. भाकरी तीच, वेळ तीच, युनिटही तेवढेच, आणि तरी हात कापायला लागायचे. मग दवाखान्यात सांगायचे, असं होतं कधी कधी, कारण सांगता येत नाही. आजारापेक्षा मला त्या उत्तराचा त्रास जास्त झाला. त्यानं शोध थांबायचा आणि संशय माझ्यावर राहायचा.

पहिल्या वर्षाचं कारण मला पुढं पुस्तकातून समजलं. इन्सुलिन सुरू झालं की काही मुलांचं स्वादुपिंड थोडे महिने पुन्हा जरासं काम करू लागतं. बाहेरून टोचलेला जुना डोस तेव्हा जास्त होतो. हे आईला कोणी सांगितलं असतं, तर ती माझ्या ताटावर पहारा देत बसली नसती.

रात्री सगळ्यात वाईट. तेव्हा मला दोन वेळचं मिश्र इन्सुलिन होतं, तीस-सत्तरचं. संध्याकाळी टोचलेल्या मिश्रणातला सावकाश चालणारा भाग नेमका मध्यरात्रीच्या सुमारास जोर धरतो. मी घामानं भिजून काहीबाही बरळायचे. आजी लिंबू उतरवायची. शेजारची काकू म्हणायची, ‘बाहेरचं काही हाय, पाहून घ्या एकदा.’ आई तोंडात साखर घालायला लागली की तीच काकू तिचा हात धरायची: ‘शुगर हाय म्हनता पोरीले, अन् साखर कामून देता?’ काकूचं प्रेम खरं होतं. गावात मधुमेह म्हणजे साखर बंद, एवढंच तर सगळ्यांनी ऐकलेलं.

ते मिश्रण दुधी असतं आणि टोचण्याआधी बाटली तळहातांत हळूहळू घोळवावी लागते. तसं केलं नाही तर औषध तळाशी बसतं. एक दिवस डोस पातळ जातो, दुसऱ्या दिवशी दाट. दोन्ही दिवशी सिरिंजवरचा आकडा तोच दिसतो.

मग शेत. सोयाबीनच्या सोंगणीत घरातली सगळी माणसं राबतात, मीही जायचे. दिवसभर शुगर ठीक असायची आणि रात्री, कधी दुसऱ्या पहाटे, घसरायची. कष्टात रिकामे झालेले स्नायू नंतर कित्येक तास रक्तातली साखर ओढत राहतात, चोवीस तासांपर्यंतसुद्धा. पाळी सुरू झाल्यावरही शुगर उतरायची, कारण पाळीआधी काहीजणींना वाढीव इन्सुलिन लागतं आणि पाळी येताच गरज कमी होते. हे विचारायला मला लाज वाटायची आणि मला कोणी विचारतही नव्हतं.

माझं मोठं कारण मात्र बोटांनी सापडलं. एका नर्सबाईंनी माझं पोट चाचपलं आणि बेंबीच्या दोन्ही बाजूंच्या मऊ गाठींवर बोट ठेवलं. तिथं टोचलं की दुखत नाही, म्हणून मी वर्षानुवर्षं तिथंच टोचत होते. अशा गाठीतून इन्सुलिन कधी रक्तात उतरत नाही, कधी एकदम उतरतं. जागा बदलायची, पण त्याबरोबर डोसही डॉक्टरांना विचारून कमी करायचा, नाहीतर चांगल्या कातडीतून तेच युनिट भारी पडतं.

शेजारच्या गावातल्या एका मुलाचं कारण याहून साधं होतं. आपल्याकडं बाटलीतलं इन्सुलिन बहुधा मिलीलिटरला चाळीस युनिटचं असतं आणि पेनचं शंभरचं. त्याच्या घरी पेनच्या काडतुसातलं औषध लाल टोपणाच्या चाळीसच्या सिरिंजेत ओढलं जात होतं. दहाच्या खुणेला पंचवीस युनिट जात होते, आणि त्याच्याही फाइलवर ‘कारण अस्पष्ट’ होतं.

सगळंच मात्र असं उलगडत नाही. शुगर उतरली की निरोगी शरीर इन्सुलिन थांबवतं आणि शुगर वाढवणारं ग्लुकागॉन सोडतं. टाइप वनमध्ये टोचलेलं इन्सुलिन मागं घेता येत नाही आणि काही वर्षांत ग्लुकागॉनचा प्रतिसादही मावळतो. सारखी शुगर उतरत राहिली तर घाम-थरथर हे इशारेही बंद पडतात. १९९३ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासानं दाखवलं की शुगर काटेकोर ठेवली तर डोळे-मूत्रपिंड वाचतात, पण शुगर गंभीररीत्या उतरण्याचं प्रमाण तिपटीवर जातं. म्हणून इशारे बंद पडलेल्याला दोन-तीन आठवडे शुगर थोडी वरच ठेवायला सांगतात. इशारे बहुतेकदा परततात. माझे परतले.

नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांचा ड्रीम ट्रस्ट १९९५ पासून गरीब मुलांना मोफत इन्सुलिन देत आला आहे. आम्हाला ते फार उशिरा कळलं, आणि तेव्हा नागपूर लांबही होतं. पुढं २०२२च्या डिसेंबरात नागपूरहून समृद्धी महामार्ग शिर्डीपर्यंत सुरू झाला, २०२४ साली वाशिमला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. आता दंडावर चिकटवायचा सेन्सरही रात्रभराची शुगर दाखवतो. तो महाग आहे, पण डॉक्टरांसमोर माझी बाजू पहिल्यांदा त्यानंच मांडली.

तुमच्या घरी टाइप वनचं लेकरू असेल तर शुगर सत्तरच्या खाली दिसताच आधी पंधरा ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका. ग्लुकागॉनचं इंजेक्शन असेल तर द्या आणि तडक दवाखाना गाठा. शुगर वारंवार उतरत असेल तर पोटावरच्या गाठी, सिरिंज, बाटली आणि आदल्या दिवशीचे कष्ट डॉक्टरांसमोर मांडा. थायरॉईड, मूत्रपिंड, सीलिअॅक आणि कॉर्टिसॉल तपासायला हवं का, हेही त्यांना विचारा. आणि कृपा करून ‘जेवली नव्हतीस का?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा.