होकायंत्राची दिशात्रुटी आणि विमानातील वाऱ्याचे मापन

प्रस्तावना :
राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा परिसराला जवळचा असलेला शिर्डी विमानतळ काकडी येथे ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाला. त्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम असल्याने दक्षिणेचा अथवा उत्तरेचा वारा तेथे आडवा ठरतो. विमानातील उपकरण हा वारा कसा ठरविते आणि होकायंत्र चुकल्यास काय घडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मापनाचे तत्त्व :
उडत्या विमानात वारा सरळ मोजला जात नाही. तो गणिताने काढला जातो. उपग्रहांच्या साहाय्याने विमानाचा जमिनीसापेक्ष वेग व मार्गाची दिशा कळते. हवेचा दाब व तापमान यांवरून हवेसापेक्ष वेग, तर होकायंत्रावरून विमानाच्या नाकाची दिशा मिळते. पहिल्या सदिशातून दुसरा सदिश वजा केला असता जो उरतो, तोच वारा होय.

त्रुटीचा परिणाम :
समजा, वारा पूर्णतः शांत असून विमान १२० नॉट वेगाने पूर्वेस (९० अंश) जात आहे. परंतु होकायंत्र ९५ अंश दर्शविते. नाक उजवीकडे असूनही विमान सरळ पूर्वेस जाते, याचा अर्थ उपकरण असा लावते की वारा उजवीकडून लोटत आहे. १२० × ज्या ५° = सुमारे १०.५ नॉट इतका दक्षिणेचा आडवा वारा पडद्यावर उमटतो. प्रत्यक्षात तो नसतोच. विमान पश्चिमेस वळल्यावर त्रुटी तेवढीच राहिली, तर हाच वारा उत्तरेचा भासतो. खरा वारा विमानाबरोबर दिशा बदलत नाही, खोटा बदलतो. त्रुटी ओळखण्याची हीच सोपी कसोटी आहे. याउलट, हवेसापेक्ष वेगातील चुकीमुळे खोटा वारा समोरून वा मागून आल्याचे दिसते.

कारणे व उपाय :
महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर व खरी उत्तर यांतील फरक सुमारे एक अंशाच्या आतच आहे. त्यामुळे मोठ्या त्रुटीचे मूळ बहुधा विमानातील लोखंड व विद्युत्प्रवाह यांत शोधावे लागते. विजेवरील ट्राममुळे कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय मापनास बाधा येणार, हे ओळखून १९०४ मध्ये अलिबाग येथे नवी वेधशाळा सुरू करण्यात आली. विमानातही त्याच न्यायाने संवेदक पंखाच्या टोकाजवळ बसवितात आणि विमान निरनिराळ्या दिशांना उभे करून होकायंत्राची तपासणी करतात.

निष्कर्ष :
पडद्यावरील वारा हे निरीक्षण नसून अनुमान आहे. म्हणूनच उतरताना विमानतळावरील वायुवेगमापकाने कळविलेला वाराच प्रमाण मानणे इष्ट ठरते.