जलसंजीवनीच्या पुडीतलं रसायन

ओआरएसच्या, म्हणजेच जलसंजीवनीच्या पुडीवरची बारीक अक्षरं एकदा नीट वाचा. एक लिटर पाण्यासाठी ग्लुकोज १३.५ ग्रॅम, साधं मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. यातलं एकही नाव उगाच आलेलं नाही.

जुलाबात नुसतं पाणी जात नाही. सोडियम, पोटॅशियम जातं आणि आतड्यातलं बायकार्बोनेटही जातं. आम्लाला आवर घालणारं हे अल्कधर्मी द्रव्य. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप, ७.३५ ते ७.४५ एवढ्यातच राहावा लागतो. बायकार्बोनेट घटलं की रक्त आम्लाकडे झुकतं. मग जुलाब झालेलं मूल खोल खोल श्वास घेऊ लागतं. कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून शरीर आम्ल कमी करू पाहत असतं. पुडीतल्या सायट्रेटपासून शरीर पुन्हा बायकार्बोनेट बनवतं.

मग त्यात साखर कशाला? आतड्यातलं पाणी मिठाच्या मागोमाग रक्तात शिरतं. पण जुलाबात एकट्या मिठाला आत शिरणं अवघड होतं. आतड्याच्या पेशींवर एक प्रथिन असतं; ते ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आत घेतं. जैवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये ही जोडी ओळखली. कॉलऱ्यातही ही वाट बंद होत नाही.

ही वाट किती कामाची, ते पुढे दिसलं. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपं भरून ठेवली. नातेवाईकच रुग्णांना पेल्याने पाजू लागले. ३० टक्क्यांच्या आसपास गेलेलं मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं.

पुडी हाताशी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ विरघळवा. अंदाजपंचे नको: मीठ जास्त झालं तर अपाय होतो, साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. मूल मलूल पडलं किंवा पिईनासं झालं, तर थेट दवाखाना गाठा. आणि औषधांच्या डब्यात जलसंजीवनीच्या दोन पुड्या आजच ठेवा.