उपस्थात्याच्या भूमिकेतील वैद्य : कर्करुग्ण भावंडाची सोबत करताना

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. पहिल्या पादाचा विचार आपण आयुष्यभर करतो. तिसऱ्याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. २०२३ मध्ये आमच्या धाकट्या भगिनीस स्तनाचा कर्करोग झाला आणि वीस वर्षे भिषक् म्हणून वावरलेल्या आम्हांस उपस्थाता व्हावे लागले. त्यातून जे शिकलो ते व्यवसायबंधू व औषधविक्रेते यांच्या उपयोगी पडावे, म्हणून येथे मांडत आहोत.

प्रथम आमची चूक सांगतो. भगिनीने दाखविलेली गाठ दुखत नव्हती. आम्ही ती साधी ग्रंथी समजून दोन महिने कांचनार गुग्गुळ दिला. अर्बुद स्थिर, मंद वेदनेचे, हळूहळू वाढणारे व न पिकणारे असते, हे सुश्रुताच्या निदानस्थानात आपण सर्वांनीच वाचलेले आहे. गाठ दुखत नाही ही दिलासा देणारी खूण नव्हे, हे आम्हांस ठाऊक होते. तरीही आपल्या माणसाच्या बाबतीत मन वाईट शक्यता दूर सारत राहिले. स्तनात नवी गाठ आढळल्यास हाताने तपासणी व सोनोग्राफी अथवा मॅमोग्राफी विनाविलंब करावी आणि शंका असल्यास सुईने तुकडा घेऊन बायोप्सी करावी. बायोप्सीने रोग पसरतो ही समजूत निराधार आहे. ती दूर करणे हे आपलेच काम आहे.

निदान झाल्यावर नागपूर येथील राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयात उपचार सुरू झाले. उपस्थात्याचे चार गुण चरकाचार्यांनी सांगितले आहेत. त्या क्रमानेच पुढील अनुभव मांडतो.

उपचारज्ञता : भगिनीस दर २१ दिवसांनी केमोथेरपी दिली जाई. पहिल्या औषधांत डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे औषध होते. त्यानंतर एकदोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नव्हे, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. खरा धोका साधारणतः दुसऱ्या आठवड्यात असतो. त्या काळात रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात व साधा जंतुसंसर्गही प्राणघातक ठरू शकतो. दहाव्या रात्री भगिनीस १०१ अंश फॅरनहाइट ताप आला. हात सवयीने महासुदर्शन चूर्णाकडे गेला होता. परंतु डॉक्टरांनी बजावलेले आठवले. दूरध्वनी करून तिला लगेच जवळच्या सुसज्ज रुग्णालयात नेले व शिरेतून प्रतिजैविके सुरू झाली. केमोथेरपी चालू असता १००.४ अंश वा अधिक ताप ही तातडीची अवस्था समजावी. ज्वरघ्न औषध देऊन सकाळची वाट पाहू नये.

दाक्ष्य : आम्ही एक वही केली. तीत प्रत्येक औषध, तारीख, तापमान, रक्ततपासणी व भगिनीची प्रत्येक तक्रार लिहीत असू. आपली लक्षणे नीट सांगता येणे हा रोग्याचा गुण सांगितला आहे. थकलेल्या रोग्याला त्यात वहीची मदत होते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका व ओळखपत्र घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्रास प्रथमच भेटावे. एस.टी. व रेल्वे प्रवासात कर्करुग्णांस सवलत आहे. मुंबईस टाटा रुग्णालयात जावे लागल्यास दादर येथील संत गाडगे महाराज धर्मशाळेत निवाऱ्याची चौकशी करावी.

अनुराग : प्रेमाची खरी कसोटी काही न देण्यात लागते. आप्तेष्टांनी गुळवेलीचा काढा, गव्हांकुरांचा रस, कसलेसे भस्म आणून दिले. आमच्याही मनात रसायनांची यादी तयार होती. भगिनीच म्हणाली, "दादा, औषधाचं आता तू नको ठरवू, त्या डॉक्टरांनाच विचार." आम्ही विचारले व उपचार संपेपर्यंत पोटातून एकही औषध दिले नाही. यात शास्त्राचा अवमान नाही. केमोथेरपीची बरीच औषधे यकृतातून बाहेर टाकली जातात. त्याच वेळी दुसरे द्रव्य दिल्यास परिणाम वाढतो की घटतो हे सांगता येत नाही. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृतविकार आढळल्याचे प्रसिद्ध केले व आयुष मंत्रालयाने त्यास आक्षेप घेतला. तो वाद केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरावर निकाली काढू नये. आपल्या जिल्ह्यात पिकणारी हळद वरणात चिमूटभर असणे वेगळे आणि तिचे सत्त्व गोळ्यांच्या रूपात रोज घेणे वेगळे.

शौच : हात धुणे, ताजे शिजवलेले अन्न व उकळलेले पाणी यांना पर्याय नाही. पेशी कमी असता कच्चे रस टाळावेत. वमन, विरेचन, बस्ती, रक्तमोक्षण यांपैकी काहीही या काळात करू नये. प्लेटलेट कमी असता रक्तस्रावाचे भय असते. मऊ भात, मुगाचे वरण, पेज असा लघु आहार थोडा थोडा द्यावा. तोंड आल्यास तिखट व आंबट बंद करावे. येथे आपले पथ्यज्ञान पुरेपूर उपयोगी पडते.

औषधविक्रेत्यांस एक विनंती. शक्तीचे चूर्ण मागणाऱ्यास "घरात कोणाची केमोथेरपी चालू आहे का?" एवढे विचारावे व उत्तर होकारार्थी असल्यास डॉक्टरांची संमती आणावयास सांगावे. कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये निषिद्ध आहे. असे फलक दुकानात लावू नयेत.

आमची भगिनी सध्या नियमित तपासणीवर आहे. त्या दोन महिन्यांविषयी तिने आम्हांस कधी विचारले नाही. आम्हीच स्वतःला विचारत असतो. ते दिवस परत मिळणार नाहीत. निदान आपल्या दवाखान्यात येणाऱ्या पुढच्या गाठीचे निदान होण्यास दोन महिने लागू नयेत, इतकीच नम्र विनंती.