बसवण्यापासून मावळण्यापर्यंत : ‘सेट’ या शब्दाचा अर्थविस्तार

रोमन लिपीत अवघ्या तीन अक्षरांत मावणाऱ्या ‘सेट’ या इंग्रजी क्रियापदाच्या सुमारे ४३० अर्थच्छटा ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’च्या १९८९ सालच्या वीस खंडांच्या आवृत्तीत नोंदवलेल्या असून, त्या आवृत्तीतील सर्वांत विस्तृत नोंद म्हणून ती ओळखली जाते. पुढे कोशाच्या नव्या संस्करणात २०११ साली ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले गेले आणि हा मान त्याच्याकडे गेला.

एवढ्या अर्थांचे मूळ मात्र साधे आहे. ‘सेट’ हे ‘सिट’ म्हणजे बसणे या क्रियापदाचे प्रयोजक रूप, म्हणजे ती क्रिया दुसऱ्याकडून करवून घेणारे रूप, होय. मराठीत ‘बसणे’पासून ‘बसवणे’ होते तसेच हे घडले. ‘सदन’ आणि ‘संसद’ हे शब्द ज्या ‘सद्’ धातूपासून आले, तो संस्कृत धातू आणि इंग्रजीतील ‘सिट’ ही एकाच प्राचीन मुळाची रूपे आहेत.

सोनार हिरा कोंदणात ठेवतो आणि भोवतीचे सोने त्यावर दाबून त्याला पक्का करतो, तेव्हा ‘सेट’चे दोन्ही मुख्य अर्थ, ठेवणे आणि स्थिर करणे, एकाच कृतीत दिसतात. पहिल्या अर्थाच्या ओघात सापळा लावणे, घड्याळाचा गजर लावणे, जेवणाचे टेबल मांडणे, लग्नाची तारीख ठरवणे आणि प्रश्नपत्रिका काढणे हे प्रयोग येतात. दुसऱ्याच्या ओघात सिमेंट धरणे आणि जेली घट्ट होणे येते, तर सूर्य क्षितिजाखाली जाऊन जणू खाली बसतो, म्हणून मावळण्यालाही इंग्रजीत हाच शब्द लागतो. एका मुळातून परस्परसंबद्ध अर्थ फुटत जाण्याच्या या प्रक्रियेला अनेकार्थता म्हणतात.

दागिन्यांचा सेट किंवा गणितातील संच यांतील समूहवाचक नामाचा वंश मात्र वेगळा असून, ते अनुयायांचा गट या अर्थाच्या लॅटिन ‘सेक्टा’पासून जुन्या फ्रेंचमार्गे आले आणि उच्चारसाम्यामुळे क्रियापदाच्या छायेत वाढले, चित्रपटाचा सेट, म्हणजे उभारलेला देखावा, हा प्रयोग पुन्हा क्रियापदाच्याच घरचा आहे.

मराठी वाचकाला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही, कारण मोडलेले हाड, नाटक, कामाची घडी आणि गणपती ही सर्व मराठीत ‘बसवली’च जातात, तर ‘लागणे’ या क्रियापदाने तहान, आग, वेळ, झाडाचे फळ आणि बोटीच्या प्रवासातील मळमळ एवढे सगळे सांगता येते. म्हणूनच ‘सेट’साठी एकच प्रतिशब्द पाठ करण्याऐवजी त्याच्या शेजारी कोणते नाम आले आहे, हे पाहणे अनुवादकाला आणि विद्यार्थ्याला अधिक उपयोगी पडते, हिरा आला की बसवणे, गजर आला की लावणे आणि सूर्य आला की मावळणे.