परसातलं सीताफळ

वाळूजला 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्या औद्योगिक वसाहतीच्या आसऱ्यानं बजाजनगर वाढलं. बीड, जालना, परभणीकडची माणसं इथं कामाला आली, घरं बांधून राहिली. घरामागं आठ-दहा फूट जागा उरली की तिच्यावर फरशी घालायची घाई होते. ती जागा सीताफळासाठी राखावी, असं मला मनापासून वाटतं. वर वीतभर माती आणि खाली मुरूम, अशा जागी पाणी साचत नाही, आणि सीताफळाला निचराच लागतो. दौलताबादच्या उतारांवर ही झाडं कुणी न लावता वाढलेली दिसतात ती म्हणूनच. मूळची अमेरिकेतली, पोर्तुगीजांबरोबर आलेली ही जात मराठवाड्यात इतकी रुजली की बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

बी पेरायची तर टरफल कठीण असल्यानं ती दिवसभर भिजवावी. तरी कोंब यायला महिना-दीड महिना लागतो. तोवर पिशवी उकरून पाहू नये. बियांपासूनच्या झाडाला तीन-चार वर्षांनी फळ लागतं, पण ते आईसारखंच निघेल याची खात्री नसते. खात्री हवी तर कलम घ्यावं. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राचं धारूर-6 आपल्या हवेतलं आहे. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांचं एनएमके-1 गोल्डनही बरेच जण लावतात. उन्हाळ्यात दोन फुटी खड्डा तापू द्यावा, शेणखत आणि निंबोळी पेंड घालून भरावा, पहिल्या पावसानंतर रोप लावावं. पहिले दोन उन्हाळे पाणी आणि पालापाचोळ्याचं आच्छादन द्यायचं.

पुढं हिवाळा सरताना झाड निष्पर्ण होतं. मेलं समजून कुणी उपटू नये, ते विश्रांती घेतं. पान देठापासून अलगद सोडवून पाहा: देठाच्या पोकळ बुडाखाली पुढच्या फुटीचा डोळा झाकलेला असतो. पान गळल्यावरच तो फुटतो, आणि त्या नव्या फुटीवर फुलं येतात.

भरपूर फुलं येऊनही फळ धरत नाही, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. हिरवट, तीन जाड पाकळ्यांचं ते फूल आधी मादी असतं आणि परागकण नंतर सुटतात. त्यामुळं त्याचं त्यालाच फलन साधत नाही. मध्ये धावाधाव करतात ते बारीक भुंगेरे. वस्तीत ते कमी, शिवाय कोरड्या हवेत फुलाचा ओलावा टिकत नाही. पाऊस सुरू झाला की फळधारणा सुधारते ती यामुळं. एकच झाड असेल तर सकाळी पूर्ण उमललेल्या फुलातले पराग मऊ कुंचल्यावर घ्यावेत आणि अर्धवट उघडलेल्या फुलात हलकेच फिरवावेत. फळावरचा प्रत्येक डोळा हा फुलातला वेगळा भाग असतो. काहींनाच पराग मिळाला तर फळ एका अंगानं वाकडं होतं.

पिठ्या ढेकूण दिसला तर आधी खोडावरच्या मुंग्या थांबवाव्यात. त्याला पोसणाऱ्या त्याच. डोळ्यांमधल्या खाचा पांढरट-पिवळसर होऊन रुंदावल्या की फळ उतरवावं. त्याआधी तोडलेलं कोवळं फळ नुसतं काळं पडतं. बिया मात्र लहान मुलांपासून दूर ठेवाव्यात: त्यांची पूड उवांसाठी लावण्याची जुनी रीत आहे, पण ती डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते.