पहाटेच्या हाकेला फास नको
(कृषी विस्तार अधिकाऱ्याकडून)

शेतकरी बंधूंनो, युसूफ वडगाव शिवारात तांबडं फुटायच्या आधी बांधावर ‘कतीतर-कतीतर’ अशी हाक ऐकू येते. हा तित्तर. रात्री तो बाभळी-बोरीच्या काटेरी फांद्यांत रातथाऱ्याला बसतो आणि उजाडता उजाडता ओरडतो. त्या ओरडण्याचा अर्थ एकच : ही हद्द माझी.

शिकारीची मेख इथंच आहे. पाळलेला बोलका तित्तर पिंजऱ्यात घालून रातथाऱ्याजवळ ठेवतात आणि भोवती फास मांडतात. पिंजऱ्यातला ओरडला की रानातला नर त्याला हुसकायला धावून येतो अन् फासात अडकतो. कोणी तोंडाने आवाज काढतो, कोणी मोबाईलवर वाजवतो. कायद्याला फरक पडत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे मारणे, पकडणे, फास लावणे, अंडी फोडणे ही सगळी शिकारच. मोर तर 1963 पासून राष्ट्रीय पक्षी आणि पहिल्या अनुसूचीत. त्याच्या शिकारीला 3 ते 7 वर्षे कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड आहे. आपल्याच जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांसाठी अभयारण्य आहे, हे विसरू नका.

ही विद्या फासेपारध्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या होती, ती पोटासाठी. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. तो कायदा 1952 साली रद्द झाला. तेव्हा बांधावर फास दिसला की लगेच पालावर बोट दाखवू नका. ताटात तित्तर मागणारा गावातलाच असतो. गिऱ्हाईक बंद झालं की फास आपोआप बंद होतो.

आता आपल्या फायद्याचं बोलू. तित्तर वाळवी, नाकतोडे, अळ्या आणि तणाचं बी खातो. चार दाणे पिकाचेही टिपतो, नाही असं नाही. पण किडा वेचायची मजुरी तो मागत नाही. उन्हाळा-पावसाळ्यात तो झुडपाच्या बुडाशी, जमिनीवरच अंडी घालतो. त्या दिवसांत नर फासात गेला की जोडी मोडते, पुढची पिढी राहत नाही.

म्हणून एवढं करा :
1) बांधावरची बोर-बाभूळ समूळ तोडू नका.
2) एप्रिल-मेमध्ये बांधाचं गवत पेटवू नका.
3) औषध चोळलेलं बियाणं उघडं सांडू नका, मातीआड करा. विषारी दाणे तर टाकूच नका. त्यानं मोरही मरतात.
4) फास किंवा पिंजरा दिसला तर भांडण न काढता वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी जैवविविधता व्यवस्थापन समितीची बैठक नुसती कागदावर न ठेवता गावातल्या रातथाऱ्यांची झाडं नोंदवहीत लिहून घ्यावीत. नोंद असलेल्या झाडावर कुऱ्हाड चालवायच्या आधी माणूस दोनदा विचार करतो.