शहराच्या गाभ्याचा विकास आणि पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन : त्यागराय नगरचा धडा

चेन्नईतील त्यागराय नगर, लोकांच्या बोलण्यातील 'टी. नगर', ही कापड आणि सोन्याच्या खरेदीसाठी साऱ्या दक्षिण भारतात प्रसिद्ध असलेली पेठ आहे. माम्बलम रेल्वे स्थानकालगतच्या रंगनाथन स्ट्रीटवर दिवाळीच्या आधी पाऊल ठेवायलाही जागा नसते. या पेठेच्या जागी पूर्वी पाणी होते. मद्रास नगररचना कायदा १९२० मध्ये झाला आणि त्याच दशकात 'लाँग टँक' नावाच्या विस्तीर्ण तलावाचे पात्र कोरडे करून ही वसाहत आखण्यात आली. त्या काळी पर्यावरणीय परिणामांचा पूर्वअभ्यास ही संकल्पनाच नव्हती. अशा अभ्यासाला कायद्याचे रूप प्रथम अमेरिकेने दिले, तेही १९६९ साली.

भारतात पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये जानेवारी १९९४ मध्ये पहिली अधिसूचना निघाली. तिची जागा १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने घेतली. छाननी, व्याप्तिनिश्चिती, जनसुनावणी आणि तज्ज्ञांकडून परीक्षण हे तिचे चार टप्पे परीक्षार्थींना परिचित असतील. मात्र शहरी बांधकामाच्या बाबतीत यांपैकी दोन टप्पे गळतात, याकडे सहसा लक्ष जात नाही. मूळ अधिसूचनेच्या अनुसूचीत बांधकामे आठव्या क्रमांकावर आहेत. २० हजार चौरस मीटर व त्यापुढील बांधीव क्षेत्राला पूर्वपरवानगी लागते. दीड लाख चौरस मीटर किंवा ५० हेक्टरपासून पुढे 'क्षेत्रविकास प्रकल्प' हा वर्ग सुरू होतो. या दोन्ही वर्गांना जनसुनावणीतून आणि स्वतंत्र व्याप्तिनिश्चितीतूनही सूट देण्यात आली.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एकाच रस्त्यावर प्रत्येकी १५ हजार चौरस मीटरच्या दहा इमारती उभ्या राहिल्या. एकूण बांधीव क्षेत्र दीड लाख चौरस मीटर झाले, म्हणजे मोठ्या क्षेत्रविकास प्रकल्पाइतके. परंतु यांपैकी एकाही इमारतीला पूर्वपरवानगीची गरज नाही. शहराचा मध्यभाग नेमका असाच, एकेका भूखंडाने वाढतो. म्हणून तेथे प्रश्न एकत्रित परिणामांचा असतो, आणि प्रकल्पनिहाय पद्धतीत तोच निसटतो.

परिणाम मोजायचा कसा? पाण्यापासून सुरुवात करू. एक हेक्टर जागेवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की १,००० घनमीटर, म्हणजे १० लाख लिटर पाणी जमते. झाडे आणि उघडी माती असताना त्यातील ३० टक्के वाहून जाते आणि फरसबंदीनंतर ९० टक्के, असे धरले तर नाल्यावर ६ लाख लिटरचा जादा भार पडतो. चेन्नईचा निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी काळात, तोही मोजक्या दिवसांत पडतो. त्यामुळे वार्षिक सरासरी येथे फारशी उपयोगी नाही. मुसळधार दिवसाचा आकडा हवा. तामिळनाडूने २००३ मध्ये पर्जन्यजल संधारण सक्तीचे केले, हे पाऊल निश्चितच योग्य होते. पण डिसेंबर २०१५ च्या महापुरासारख्या प्रसंगी, जमीन आधीच पाण्याने तुडुंब असताना, शोषखड्डे काय करणार? आणि २०१९ मध्ये याच शहराचे जलाशय आटून रेल्वेने पाणी आणावे लागले. पूर आणि टंचाई या एकाच जमीनवापराच्या दोन बाजू आहेत, असे माझे मत आहे.

टी. नगरची निवड स्मार्ट सिटी अभियानात क्षेत्राधारित विकासासाठी झाली. पाँडी बझारमधील पादचारी मार्ग नोव्हेंबर २०१९ मध्ये खुला झाला. रुंद पदपथ आणि बसण्याच्या जागांमुळे तो लोकप्रियही ठरला. दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, एका रात्रीत २० सेंटिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि टी. नगर पाण्यात गेले. अडयार नदीकडे जाणाऱ्या माम्बलम कालव्यातील अपुरी कामे व राडारोडा यांकडे बोट दाखवले गेले. पुढे राज्य शासनाने स्मार्ट सिटीच्या कामांची चौकशीही लावली. पदपथाचा आराखडा चांगला असला, तरी त्याच्या मूल्यमापनाची सीमा रस्त्याच्या कडेला संपता कामा नये. वळवलेली वाहने कोणत्या गल्लीत धूर सोडतात? नवे बहुमजली वाहनतळ गर्दी सामावतात की आणखी मोटारींना आमंत्रण देतात? हे शेजारच्या रस्त्यांवर, काम सुरू होण्यापूर्वी आणि नंतरही, मोजावे लागते.

अर्थशास्त्रात याला बाह्यपरिणाम म्हणतात. चटई क्षेत्र वाढले की जमिनीची किंमत वाढते आणि तो लाभ मालकाच्या खात्यात लगेच दिसतो. खर्च मात्र उताराखालच्या वस्तीत, तळमजल्यावरील भाडेकरूच्या घरात आणि फेरीवाल्याच्या बुडालेल्या मालात विखुरलेला असतो. महाराष्ट्राला हे नवे नाही. मिठी नदीच्या खाडीकाठी भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा त्या भरावाचा हिशेब सर्वांनाच आठवला.

उपाय आराखड्याच्या पातळीवर शोधावा लागेल. युरोपीय संघाने २००१ च्या निर्देशाने योजना व आराखड्यांचेच पर्यावरणीय मूल्यमापन बंधनकारक केले. आपली २००६ ची अधिसूचना प्रकल्पांपुरती आहे. चेन्नईचा दुसरा बृहत् आराखडा २००८ मध्ये लागू झाला, तो २०२६ या लक्ष्यवर्षासाठी. त्यानंतरच्या आराखड्यात टी. नगरला किती चटई क्षेत्र द्यायचे, हे ठरवताना माम्बलम कालवा किती पाणी वाहून नेऊ शकतो, हा आकडा आधी टेबलावर यायला हवा.